स्थळपाहणीच्या रजिस्टरातलं पाचवं नाव

स्थळपाहणीचं रजिस्टर ही माझी कल्पना होती. हे आधीच सांगून टाकते, कारण जिथे ते सांगायला हवं होतं तिथे मी सांगितलं नाही.

मी पालघरला एका सरकारी बांधकाम कार्यालयाच्या निविदा शाखेत काम करते. राहायला बोईसरला, कुंभवलीच्या बाजूला. नवरा कारखान्यात पाळीवर. सकाळी दोन डबे, मग स्कूटर, पावणेदहाला टेबल. पर्समध्ये एक छोटी वही असते. तिच्यात दिवसाची कामं क्रमाने लिहिलेली असतात. झालं की आडवी रेघ. संध्याकाळी रेघ न पडलेलं काम दुसऱ्या दिवशी पहिल्या क्रमांकावर जातं. यावरून कार्यालयात माझी चेष्टा चालते. "बाईंच्या वहीत 'घरी जाणे' लिहिलंय का बघा रे, नाहीतर इथेच राहतील," असं आमचे एक शाखा अभियंता शिपायाला सांगत. मी मनावर घेत नसे. ज्यांच्या फायली सापडत नाहीत त्यांनी केलेल्या विनोदाला किती किंमत द्यायची?

रस्ता, गटार, शाळेची खोली, काहीही बांधायचं तर निविदा निघते. ठेकेदार आपापले दर संगणकावर भरतात आणि मुदत संपेपर्यंत ते कुणालाच दिसत नाहीत, आम्हालाही नाही. मुदतीनंतर दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागल्या की मगच ते कुलूप उघडतं. दर गुप्त राहतो. पण दर कोण कोण भरणार आहे, हेही तितकंच गुप्त राहायला हवं असतं. आपल्यासमोर कोण उभं आहे हे कळलं, की ठेकेदार आकड्यांचा विचार सोडून माणसांचा विचार करायला लागतात. हे वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा मला ते असं समजलेलं नव्हतं.

त्या काळात आमच्या काही निविदांना एक अट असायची. ठेकेदाराने कामाची जागा आधी पाहायची आणि पाहिल्याचा दाखला निविदेसोबत जोडायचा. दाखला शाखा अभियंता द्यायचे. आणि तिथेच गोम होती. नको असलेला माणूस आला की अभियंता साहेब साइटवर गेलेले असत, नाहीतर मीटिंगला, नाहीतर शिक्का सापडत नसे. मुदत संपली की शिक्का सापडे. तक्रारी येत, आम्ही उत्तरं देत असू, परत तेच.

मी कार्यकारी अभियंत्यांपुढे टिपणी ठेवली. दाखला निविदा शाखेतून द्यावा. ठेकेदाराने जागेवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढावा, तो इथे दाखवावा आणि दाखला न्यावा. कुणालाही परत पाठवायचं नाही. आणि प्रत्येकाची नोंद रजिस्टरात. साहेबांनी 'मान्य' लिहिलं. मी त्याच दिवशी दुकानातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, लाल पेनाने रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, संस्थेचं नाव, मालकाचं नाव, मोबाइल, सही. पेन पळवतात म्हणून ते दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलं.

सहा महिन्यांत दाखल्याची एकही तक्रार आली नाही. मला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर अजूनही त्यातला थोडा शिल्लक आहे, आणि तेच जास्त वाईट वाटतं.

गुप्ततेची मला फिकीर नव्हती असं नाही. उलट मी त्यासाठी बदनाम होते. साहेबांचा डिजिटल सहीचा डोंगल मी लोखंडी कपाटात ठेवत असे, किल्ली माझ्या जुडग्यात. संगणकाच्या पडद्यामागे कुणाला उभं राहू देत नसे. ठेकेदाराने मागवलेला चहा मी कधी घेतला नाही. एकदा एकाने माझ्यासाठी ठेवलेला कप मी तसाच गार होऊ दिला आणि तो जाईपर्यंत त्याच्यासमोर काम करत बसले. आणि हे सगळं करत असताना, हाताच्या अंतरावर, दोऱ्याने बांधलेल्या पेनाशेजारी ते रजिस्टर दिवसभर उघडं पडलेलं असायचं.

त्या वर्षी एडवणच्या बाजूच्या एका किनाऱ्यावरच्या गावात मासळी सुकवण्याचे ओटे बांधायचं काम निघालं. ओटे, त्यांच्यापर्यंत काँक्रीटचा रस्ता आणि समुद्राच्या बाजूने एक बुटकी भिंत. काम मोठं नव्हतं, पण त्या भागात गरजेचं होतं. बायका जवळा आणि मांदेली वाळूतच पसरायच्या. मुदत संपायला आठवडाभर होता तेव्हा एक नवराबायको दाखल्यासाठी आले.

तो पस्तिशीचा असेल. शर्टाच्या खिशात मापाची टेप, हातात प्लास्टिकचं फोल्डर. बायकोच्या अंगाला मासळीचा वास होता. बाजारातून तशीच आली होती. ती पालघरच्या बाजारात आठवड्यातून तीनचार दिवस बसते हे तिनेच सांगितलं, मी न विचारता.

मी त्याच्या फोनमधला फोटो पाहिला. मागे वाळू, होड्या आणि एका होडीवर वाळत घातलेली गोधडी.

"ठेकेदार म्हणून नोंदणी कधी झाली?" मी विचारलं.

"औंदाच. पयलं टेंडर हाय. आतापर्यंत दुसऱ्यांच्या हाताखाली सेंट्रिंगची कामं केली, बारा वर्सं." मग तो म्हणाला, "हे काम आमच्याच गावातलं हाय, बाई."

"गावातली शाळेची खोली ह्यांनीच बांदली," बायको मध्येच बोलली. "पाटीवर नाव भलत्याच मानसाचं. त्याला समुद्र कुठल्या बाजूला हाय ते पन ठावं नसंल."

"तू गप गं."

"का गप? खोटं हाय?"

मला हसू आलं. मी त्याची कागदपत्रं चाळली. नीट लावलेली होती, चिकटपट्टीने क्रमांक चिकटवलेले. मला अशी माणसं आवडतात. बोईसरजवळच्या एका काँक्रीट प्लांटने 'या ठेकेदारास माल पुरवू' असं लिहून दिलेलं पत्रही होतं. त्या पत्राशिवाय निविदा पात्र ठरत नव्हती.

"बाई, एक इचारू? आमी टेंडर भरतोय हे कोनाला समजनार नाय ना?"

"सगळं ऑनलाइन असतं," मी म्हटलं. "मुदत संपेपर्यंत आम्हालासुद्धा दिसत नाही. अजिबात काळजी करू नका."

आणि मी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

त्याने पेन उचललं आणि आधी वरची नावं वाचली. चार होती. दुसऱ्या नावावर त्याची नजर अडकली. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. ते नाव त्याच काँक्रीट प्लांटच्या मालकाचं होतं. त्याचा खडीक्रशरही होता आणि तो ठेकेही घ्यायचा. हे मला माहीत असायला हवं होतं. वीस वर्षं मी ही नावं टंकत आले आहे.

"माजं नाव हितंच लिवायचं?" त्याने विचारलं.

"हो. पाच नंबरला."

"वेगल्या कागदावर नाय चालनार?"

"वेगळ्या कागदावर चाललं असतं तर रजिस्टर कशाला ठेवलं असतं? सगळ्यांना एकच नियम आहे. करा सही."

मी हे रागाने म्हटलं नव्हतं. घाईने म्हटलं होतं, कारण मागे बाकावर दोघे बसले होते आणि साडेपाच वाजत आले होते. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. त्याने नाव लिहिलं, नंबर लिहिला, सही केली. मी दाखला दिला. दोघे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांटच्या मालकाचा माणूस आला. हा नेहमी यायचा. गोड बोलायचा, सगळ्यांना नमस्कार करायचा, शिपायालासुद्धा.

"ताई, आमच्या नोंदीत मोबाइल नंबर चुकलाय वाटतं. बघू का?"

"बघा."

त्याने रजिस्टर स्वतःकडे ओढलं, आपली नोंद पाहिली आणि म्हणाला, "नाही हो, बरोबरच आहे. उगाच तुम्हाला त्रास." मग पानावर हात फिरवत म्हणाला, "तुमचं रजिस्टर म्हणजे लग्नपत्रिका आहे ताई. सगळ्यांची नावं मानाने, क्रमाने."

मी हसले. मला ती स्तुती वाटली. 'किती काळजी घेतात हे लोक, एका नंबरसाठी परत आले,' असंही वाटल्याचं आठवतं.

निविदा उघडल्या त्या दिवशी रजिस्टरात सात नावं होती आणि पडद्यावर तीन निविदा. तिघांत पाचव्या क्रमांकाचा नव्हता. प्लांटचा मालक होता, आणि बाकीचे दोघे त्याच्याच ओळखीचे, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. तिघांचे दर एकमेकांना खेटून. सर्वांत कमी दर अर्थातच मालकाचा.

"तीन आल्या ना? पुरेशा आहेत," साहेब म्हणाले.

मी तक्ता केला, प्रिंट काढली, सह्या घेतल्या. कोण आलं नाही याची नोंद ठेवायचा रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नसतो. मी मनात म्हटलं, नवा माणूस आहे, घाबरला असेल.

दोन दिवसांनी, घरी जाताना, मी पालघरच्या मासळीबाजारात थांबले. मांदेली घ्यायची होती. पुढून हाक आली, "ओ बाय! हितं बगा, ताजी हाय."

तीच होती. तिने मला ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला, पण टोपलीवरचा हात मागे घेतला नाही. धंदा तो धंदा.

"तुमी सरकारी बाय ना?"

"हो. तुमच्या यजमानांनी निविदा भरली नाही का? दिसली नाही मला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ती ओरडेल. पण ती हळू आवाजात बोलली, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"कशी भरनार? दुसऱ्याच दिवशी प्लांटवरून फोन आला. ते पत्र परत आना म्हनले. आमी इचारलं, का? तर म्हनले, पत्र दिलं तेवा तुमी सांगितलं नाय, कोनत्या कामाला. आमच्याच इरोधात भरनार आनि आमचाच माल घेनार? पत्र नेऊन दिलं. दुसरा प्लांट वसईकडं. तो चार दिवसात पत्र देतोय व्हय?"

"त्यांना कळलं कसं?"

हा प्रश्न मी खरंच विचारला. इतकी मी बावळट होते.

"वहीत बगितलं म्हनले. पाच नंबरला नाव हाय म्हनले. लपवायचं तरी नीट लपवा म्हनले." तिने सुरी उचलली. "किती देऊ?"

मी काय सांगितलं ते आठवत नाही. तिने मांदेली साफ करून पिशवीत भरली. शेजारची बाई विचारत होती, "कोन गं ही?" आणि ती म्हणाली, "कोन नाय. गिऱ्हाईक हाय." घरी येऊन मी पिशवी फ्रीजमध्ये ठेवली आणि ओट्याशी उभी राहिले. नवऱ्याने विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हटलं.

यानंतर जे मी केलं नाही ते क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिल्याशिवाय मला काही नीट दिसत नाही.

निविदा उघडल्यापासून ती मंजूर होऊन कामाचा आदेश निघेपर्यंत मध्ये काही दिवस असतात. त्या वेळी माझ्या हातात आठ दिवस होते. या आठ दिवसांत कार्यालयाला वाटलं तर निविदा रद्द करून पुन्हा मागवता येते. कारण लागतं, आणि कारण होतं: निविदा भरणाऱ्यांची नावं मुदतीआधी आमच्याच टेबलावरून फुटली होती. यापेक्षा सबळ कारण वीस वर्षांत मी पाहिलेलं नाही. टिपणी लिहायला मला अर्धा तास लागला असता. तशा टिपण्या मी झोपेत लिहू शकते.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: 'साहेबांना सांगणे.' दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, ते ओट्यांचं काम. एक ठेकेदार भरणार होता, त्याच्यावर दबाव आला असं ऐकलंय."

"कुठे ऐकलंत?"

"बाजारात."

साहेब हसले. "बाई, बाजारात तर माझी बदली दर सोमवारी होते. लेखी तक्रार आहे का?"

"नाही."

"मग?"

इथे मी सांगायला हवं होतं की लेखी तक्रारीची गरज नाही, पुरावा माझ्या टेबलावर दोऱ्याने बांधलेल्या पेनाखाली आहे. रजिस्टर माझं, रकाने माझे, नियम माझा. मी म्हटलं, "नाही, सहज सांगितलं." आणि बाहेर आले.

त्याला फोन करून तक्रार दे म्हणणंही शक्य होतं. त्यासाठी आधी त्याला सांगावं लागलं असतं की तक्रार कशाविरुद्ध द्यायची. मी फोन केला नाही.

स्वतःला मी कारणं दिली. ती सगळी व्यवस्थित होती. फेरनिविदा काढली तर आणखी महिना जाणार, मग पावसाळ्यापूर्वी ओटे होणार नाहीत आणि गावातल्या बायकांचंच नुकसान. एका माणसासाठी सगळी प्रक्रिया उलटी फिरवायची का? शिवाय तो पात्र ठरलाच असता असं कुठे आहे? ही कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली एक कारण होतं, जे मी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही: चौकशी झाली तर पहिलं नाव माझं निघेल. ज्या बाईचा चहा गार होतो, तिच्याच टेबलावरून नावं फुटली, असं शिपायापर्यंत सगळे म्हणतील.

वहीत ते काम रोज पहिल्या क्रमांकावर येत राहिलं. नवव्या दिवशी आदेश निघाला. मी आदेशाची जावक नोंद केली, मग पर्समधून वही काढली आणि न झालेल्या कामावर आडवी रेघ मारली. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

रजिस्टर मात्र मी लगेच बंद केलं. प्रत्येकाला सुटा दाखला, त्यावर अनुक्रमांक नाही, कार्यालयाची प्रत बंद पाकिटात, पाकीट कपाटात. मग थोड्या दिवसांनी आणखी एक टिपणी ठेवली की स्थळपाहणीच्या दाखल्याची अटच काढून टाकावी. ठेकेदाराने 'जागा पाहिली आहे' एवढं स्वतः लिहून दिलं की पुरे. तीही मान्य झाली. टिपणीत मी लिहिलं होतं, 'निविदाधारकांच्या नावांची गोपनीयता राखण्याच्या दृष्टीने.' ती राखली गेली नव्हती तेव्हा काय झालं, हे लिहिलं नाही. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कार्यक्रमात या सुधारणेबद्दल मला गुलाबाचं फूल आणि एक फ्रेम केलेलं पत्र मिळालं. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले, फोटोला उभी राहिले. ती फ्रेम नवऱ्याने हौसेने बैठकीत लावली आहे. मी काढ म्हटलं तर तो कारण विचारेल.

ओट्यांचं काम प्लांटच्या मालकाने घेतलं आणि प्रत्यक्षात सेंट्रिंग लावून केलं ते पाचव्या क्रमांकाच्या त्या गावातल्याच माणसाने, मालकाच्या हाताखालचा म्हणून. हे मला मोजमापाला गेलेल्या अभियंत्याकडून कळलं. "काम एकदम झकास," ते म्हणाले, "कडा बघा, फूटपट्टी लावल्यासारख्या." मी फोटो पाहिले. कडा खरंच सरळ होत्या.

यानंतर साहेबांची बदली झाली, खरीखुरी. दुसरे साहेब आले. दोन वर्षं गेली असतील. मग त्याच किनाऱ्यावर शेजारच्या गावात मासळीबाजाराची शेड बांधायची निविदा निघाली. लहान काम. पहिल्यांदा निविदा भरणाऱ्यालाही जमेल असं. मी सूचनेची एक प्रत काढली आणि रविवारी स्कूटर काढली. सूचना वेबसाइटवर सगळ्यांनाच दिसते, तेव्हा ती कुणाला नेऊन देण्यात गैर काही नव्हतं. निघण्यापूर्वी मी याची खात्री करून घेतली होती. नवऱ्याला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. सफाळ्यावरून एडवणच्या रस्त्याला लागले तेव्हा काय बोलायचं ते मनात तीन मुद्द्यांत तयार होतं.

गावात विचारत गेले. तो एका घराच्या स्लॅबखाली टेकू लावत होता. बायको बाहेर सावलीत बसून खिळे सरळ करत होती, हातोडीने, एकेक. तिनेच आधी पाहिलं.

"आली बग सरकारी बाय. आता काय मोजायला आलात?"

तो बाहेर आला, हात झटकले. मी सूचनेची प्रत दिली आणि सांगितलं की आता रजिस्टर नाही, दाखला नाही, नाव कुणाला दिसत नाही, तुम्ही भरा.

त्याने कागद वाचला. पूर्ण वाचला, शर्तींसकट.

"बाई, आमची डिजिटल सही संपली. नवी नाय केली. नोंदनी पन तशीच पडली."

"करता येईल. मी यादी करून देते, काय काय लागतं त्याची."

"कशाला?" तो साधेपणाने म्हणाला. "त्यांच्या हाताखाली बारमाही काम हाय. आता परत त्यांच्याशी वाकडं घ्यायचं म्हंजे..."

माझा पहिला मुद्दा तिथेच संपला. दुसरा होता, झालं ते माझ्या रजिस्टरामुळे झालं हे सांगणं. सांगितलं.

"ते ठावं हाय," तो म्हणाला. "तुमी काय मुद्दाम केलं नाय."

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. मला माफी मिळाली होती. मागायच्या आधीच, फुकट. पण तिसरा मुद्दा राहिला होता, आणि अर्धवट काम मला सोडता येत नाही. मी म्हटलं, "त्या वेळी निविदा रद्द करून परत मागवता आली असती. मी साहेबांना नीट सांगितलं असतं तर. मी सांगितलं नाही."

त्याने हातातला कागद खाली घेतला. बायकोची हातोडी थांबली.

"म्हंजे? परत भरता आलं असतं?"

"आदेश निघेपर्यंत. आठ दिवस होते."

हे त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो असं समजून चालला होता की पत्र परत दिलं त्या दिवशी सगळं संपलं, त्यावर कुणाकडेच इलाज नव्हता. तसं समजून त्याने ते बाजूला ठेवलं होतं. ओट्यांच्या त्या सरळ कडा त्याने काढल्या, त्याही तसंच समजून.

"आठ दिवस," तो बायकोला म्हणाला. "तेवा मी कुठं होतो गं?"

"घरीच. काम कुठं होतं? खाटेवर पडून होतात."

"फोन चालू होता?"

"चालूच होता. चार्जिंगला लावलेला असायचा."

त्याने कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. "हे तुमी आज का सांगितलं, बाई?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि माझ्याजवळ जे उत्तर होतं त्यात त्याच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. सांगून मला मोकळं वाटायचं होतं, एवढंच ते होतं. मी कागद पर्समध्ये ठेवला.

आतून कुणीतरी टेकू धरायला हाक मारली. तो "आलो" म्हणाला आणि स्लॅबखाली वाकून गेला. बायकोने तांब्याभर पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच प्यायले. ती परत बसली, एक वाकडा खिळा दगडावर धरला आणि मी स्कूटर चालू करेपर्यंत मान वर केली नाही.

शेडच्या निविदेला पाच जण आले, त्यांत तो नव्हता. कोण येणार हे मुदत संपेपर्यंत आमच्या कार्यालयात कुणालाही कळलं नव्हतं.